हजेरीपटाचे मोल

निपाणीचे नाव तंबाखूशी जडलेले आहे. तेथील वखारीत राबणाऱ्या स्त्रीची हजेरी पटावर लागे. घरी विड्या वळणारीची हजेरी मात्र हजार विड्यांच्या हिशेबात होई. तिचे तास कोण मोजणार?

१९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने कारखान्यातील कामाला दिवसास ९ व आठवड्यास ४८ तासांची मर्यादा घातली आणि घरी विड्या वळणारीलाही कामगार मानले. १९७७ मध्ये या धंद्याला भविष्यनिर्वाह निधी लागू झाला. १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घरकामगारांचा त्यावरील हक्क मान्य केला. परंतु नोंदवहीत नावच नसेल, तर हक्क सिद्ध कशाने करावा?

आज पाळ्या व हजेरी संगणक सांभाळतो. तो लिहिलेले विसरत नाही, हे खरे. पण न लिहिलेले तो तरी कोठून आठवणार?