अम्मांचा भोंगा

सिकंदराबादच्या पोस्टिंगला फॅमिली क्वार्टर मिळायला वेळ होता, म्हणून छावणीजवळच्या एका कॉलनीत दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या. कॉलनी बहुतेक पेन्शनरांची. शेजारच्या घरात अम्मा एकट्या राहायच्या. त्यांचे यजमान फौजेतूनच निवृत्त झालेले, दोन वर्षांपूर्वी वारले. मुलगा परदेशात. घराच्या बाहेरच्या भिंतीवर, पत्र्याच्या पेटीत, यजमानांनी बसवून घेतलेला चोरघंटेचा भोंगा.

जुलैतली रात्र. पाऊस आणि संध्याकाळपासून करंट गायब. अडीचच्या सुमारास भोंगा सुरू झाला. त्या महिन्यातली ही तिसरी वेळ. पहिल्या वेळी सगळी कॉलनी काठ्या घेऊन धावली होती, दुसऱ्या वेळी दोघे-तिघे आले होते. या वेळी लोकांनी खिडक्या लावून घेतल्या. मीही दहा मिनिटं पडून राहिलो, हे कबूल करतो. मग बायको म्हणाली, "अहो, त्या म्हातारीला काही झालं असेल तर?" तेव्हा उठलो.

अम्मा दारातच टॉर्च घेऊन उभ्या. चोर नव्हता. समोरचा एक तरुण पक्कड घेऊन शिडीवर चढायच्या बेतात होता आणि अम्मा शिडी धरून त्याला अडवत होत्या. "तार नक्को काटो बेटा, साब ने लगाया सो है!" दख्खनी बोलीतला हा 'नक्को' म्हणजे आपलाच 'नको'. परमुलखात तो कानावर आला की आपण नकळत त्याच बाजूला उभे राहतो. मी पोराला खाली उतरवलं. तो वैतागून म्हणाला, "साब, करंटच नाही, तर हा वाजतोय कशावर?"

प्रश्न बरोबर होता. उत्तर मात्र दीडशे वर्षांपेक्षा जुनं आहे.

विजेवर चालणाऱ्या चोरघंटेचं पेटंट १८५३ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या सॉमरव्हिल गावच्या ऑगस्टस पोप यांनी घेतलं. पेशाने हे गृहस्थ चर्चचे धर्मोपदेशक. रचना साधी होती. दारा-खिडक्यांना तारा, एक बॅटरी, एक घंटा. दार उघडलं की सर्किट पुरं होऊन लोहचुंबक घंटेचा टोल हलवू लागे. १८५७ साली एडविन होम्स यांनी ते हक्क विकत घेतले आणि दोन वर्षांत धंदा बोस्टनहून न्यूयॉर्कला हलवला. तिथे चोऱ्या जास्त, म्हणून गिऱ्हाईकही जास्त. होम्स कुटुंबाच्या तारांचं जाळं असं पसरलं की १८७७ साली बोस्टनमध्ये त्याच तारांवरून दिवसा टेलिफोन आणि रात्री चोरघंटा चालू लागली.

पण दार उघडल्यावर सर्किट पुरं होतं, या रचनेत एक खोट होती. चोराने आधी बाहेरून तार कापली तर घंटा मुकी. म्हणून पुढे रचना उलटी केली. सर्किट कायम पुरं ठेवायचं, त्यातून सतत थोडा प्रवाह वाहू द्यायचा. तो तुटला की घंटा वाजलीच पाहिजे. मग दार परत लावलं तरी आवाज थांबू नये म्हणून आत खटका आला. मग चोर मेन फ्यूज काढू लागला, म्हणून पॅनेलमध्ये बॅटरी आली. पॅनेलच फोडलं तर? म्हणून भिंतीवरच्या भोंग्याच्या पेटीला स्वतःची छोटी बॅटरी दिली. आतून पॅनेल तिला सतत 'मी जिवंत आहे' असा इशारा म्हणून थोडा व्होल्टेज पाठवत राहतं. तो थांबला की पेटी समजते, धन्याचा गळा घोटला, आणि स्वतःच्या बॅटरीवर ओरडायला लागते. म्हणजे त्या रात्री शिडीवरच्या पोराने तार कापली असती तरी काहीच फरक पडला नसता. चोर जे जे करील, त्या प्रत्येकावर त्या पेटीत आधीच उत्तर भरलेलं होतं.

हे सगळं मला तेव्हा थोडंच ठाऊक होतं! मी आमच्या युनिटच्या ईएमईच्या एका हवालदाराला फोन लावला. गडी मूळचा साताऱ्याकडचा, झोपेतून उठून आला आणि पॅनेलचं झाकण उघडून दोन मिनिटांत म्हणाला, "साहेब, आतली बॅटरी मेलीय. करंट गेला की पॅनेल मरतंय, आणि बाहेरचा त्याच्या नावानं रडतोय." महिन्यातल्या तिन्ही रात्री करंट गेला होता, हे तेव्हा कुठे डोक्यात शिरलं. माझ्या मोटारसायकलची बारा व्होल्टची बॅटरी काढून आणली. तारा जोडल्या, पॅनेलवर लाल दिवा लागला आणि बाहेरचा आवाज गप्प झाला. क्षणभरच. आता पॅनेल जागं होऊन आतला बझर वाजवू लागलं. ते बंद करायला किल्ली हवी होती.

किल्ली कुठे ते अम्मांना माहीत नव्हतं. यजमानांनी कधी सांगितलंच नाही. शेवटी ती सापडली त्यांच्या जुन्या ब्लेझरच्या आतल्या खिशात, रेजिमेंटच्या टायला गुंडाळलेली. अम्मांनी ती स्वतः फिरवली. पहाटेचे चार वाजले होते. नंतर चहा करताना म्हणाल्या, हे नोकरीवर असताना एकदा घरात चोरी झाली होती. तेव्हा त्या दोन लहान मुलांना घेऊन एकट्याच होत्या आणि ओरडल्या तरी कोणी आलं नव्हतं. हा भोंगा साहेबांनी त्यासाठी लावला होता.

माझ्या सीमेवरच्या पहिल्या पोस्टवर कुंपणाच्या तारेला रिकामे डबे बांधलेले असत. वारा, कोल्हा, कशानेही वाजत. प्रत्येक वेळी स्टँड-टू. आमचे सीनियर जेसीओ खोट्या इशाऱ्यासाठी संत्रीवर कधी चिडले नाहीत. तेव्हा त्याचा रागच यायचा.

त्या रविवारी मुलांना गोवळकोंड्याला नेलं. फतेह दरवाजाखाली टाळी वाजवली की जवळपास एक किलोमीटरवरच्या बाला हिसारला ऐकू येते, हे गाइड आवर्जून दाखवतात. १६७७ साली शिवाजी महाराज कुतुबशहाला भेटायला भागानगरला आले, त्यानंतर दहाच वर्षांत औरंगजेबाने हा किल्ला वेढला. मे महिन्यात एका रात्री मोगलांची माणसं तटावर चढू लागली, तेव्हा एक बेवारशी कुत्रं भुंकलं आणि किल्ला जागा झाला. खाफी खान लिहितो की तानाशहाने त्या कुत्र्याला सोन्याची साखळी घातली. पुढे सप्टेंबरात किल्ला पडला, तो मात्र गुपचूप. अब्दुल्ला पनी नावाच्या आतल्याच सरदाराने रात्री दरवाजा उघडून दिला. अब्दुर रज्जाक लारी अंगावर असंख्य जखमा घेत लढला, पण तोवर उशीर झाला होता. धाकट्याने विचारलं, "मग त्या रात्री कुत्रं का नाही भुंकलं?" मला उत्तर सुचलं नाही.

सोमवारी हवालदाराने पॅनेलला नवी बॅटरी बसवली. कॉलनीतल्या चार घरांचे नंबर मोठ्या अक्षरात लिहून अम्मांच्या फोनजवळ चिकटवले. पक्कडवाल्या पोराचा नंबर त्यानेच पहिला लिहायला लावला.

किल्लीची एक जादा प्रत अम्मांनी माझ्याकडे ठेवायला दिली होती. बदलीच्या धावपळीत ती परत करायची राहिली. आत्ता हे लिहिताना ती टेबलावर आहे. उद्या पोस्टाने पाठवतो.