गार सगळ्यांच्या वाफ्यावर, पंचनामा फक्त सातबाऱ्यावर

भीमजयंतीच्या आधीचा आठवडा होता. वस्तीत निळे झेंडे लागत होते आणि आम्ही वर्गणीचं पावतीपुस्तक घेऊन गायरानाच्या बाजूला गेलो होतो. तिथे एका मावशीने दहाएक गुंठ्यांत गवार, भेंडी, चवळी आणि काकडी केली आहे. दुपारी अंगाची लाही होत होती. चारच्या सुमारास ढग दाटले, वारा सुटला आणि पंधरा मिनिटं गारा पडल्या. काकडीच्या पानांची चाळण झाली, भेंडीचे शेंडे मोडून पडले.

काही दिवसांनी तलाठी पंचनाम्याला आले. बांधापलीकडच्या शेताचा पंचनामा झाला. मावशीच्या वाफ्यांपुढून ते तसेच निघाले. "सातबारा नाही, मग नाव कुठे लिहू?" एवढंच म्हणाले. नियमाप्रमाणे त्यांचं चुकलंही नव्हतं. म्हणूनच आम्हाला त्या तलाठ्याबद्दल लिहायचं नाही. हा नियम आपल्या वाट्याला कसा आला, त्या इतिहासाबद्दल लिहायचं आहे.

शहरात वाढलेल्या आपल्या तरुणांनी आधी एक गोष्ट समजून घ्यावी. चैत्र-वैशाखात भाजी जगवणं हे रोजचं काम आहे. पारा चाळिशीपुढे गेला की वेलांची फुलं गळतात. म्हणून पाणी भल्या सकाळी नाहीतर दिवस मावळताना द्यायचं. ओल टिकावी म्हणून वाफ्यावर पाचट किंवा वाळलं गवत अंथरायचं. कोवळ्या रोपांवर जुन्या साडीची सावली करायची. कोरड्या उन्हात भेंडीच्या पानाखाली लाल कोळी धरते, ती रोज पालथी करून बघायची. अवकाळी आला की सगळं उलटं. तुंबलेलं पाणी सरी फोडून काढलं नाही तर मुळं कुजतात. दमट हवेत काकडीवर केवडा येतो. गारांनी फाटलेली पानं खुडायची, बसलेली माती हलकी करायची आणि आठ दिवस वाट बघायची. गवार, चवळी बहुधा सावरते. काकडी सावरली नाही तर पुन्हा बी टोकायचं.

म्हणजे एकाच हंगामात बियाणं दोनदा, पाणी दोनदा, मेहनत दोनदा. सातबारा असलेल्या शेतकऱ्यालाही हे सोसत नाही, हे आम्हाला मान्य आहे. पण त्याच्या मागे निदान कागद असतो. 33 टक्क्यांवर नुकसान झालं तर तो मदत मागू शकतो, बँकेत जाऊ शकतो, शेतीपंपाची वीजजोडणी घेऊ शकतो. मावशी पाणी घागरीने आणते. अनुसूचित जातीच्या शेतकऱ्यांना विहिरीसाठी अनुदान देणारी योजना सरकारने बाबासाहेबांच्याच नावाने काढली आहे. त्या योजनेलाही सातबारा लागतो. ज्यांना पिढ्यानपिढ्या जमीन मिळू दिली नाही, त्यांच्यासाठीच्या योजनेची पहिली अट जमीन!

आपल्याकडे जमीन का नाही? महार वतनाची जमीन होती ना, असं काही जण विचारतात. होती, पण ती गावाच्या आणि सरकारच्या चाकरीला बांधलेली होती. वतनाच्या त्या तुकड्यासाठी आणि बलुत्याच्या भाकरीसाठी अख्खं घर रात्रंदिवस राबायचं. ही गुलामी तोडण्यासाठी 1874 च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारं विधेयक बाबासाहेबांनी 19 मार्च 1928 रोजी मुंबई विधिमंडळात मांडलं. ते तेव्हा तडीस गेलं नाही. कनिष्ठ गाववतनं रद्द करणारा कायदा यायला 1958 साल उजाडलं. तेव्हाही जमीन परत मिळवायला सरकारात रक्कम भरावी लागली, आणि ती मिळाली नव्या शर्तीने.

बाबासाहेबांनी शेतीवर लिहिलं ते 1918 मध्ये. भारतातल्या लहान धारणक्षेत्रांवरच्या त्या निबंधात त्यांनी सांगितलं की शेत पुरेसं आहे की नाही हे नुसत्या आकारावरून ठरत नाही. त्यावर श्रम, भांडवल आणि साधनं किती लागतात, यावर ठरतं. मावशीच्या वाफ्यावर श्रमाला तोटा नाही. भांडवल आणि साधनं मात्र कागदाशिवाय तिच्यापर्यंत पोचत नाहीत. पुढे 1947 च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये त्यांनी शेती हा राज्याचा उद्योग करावा, जमीन जातधर्म न बघता कसायला द्यावी, म्हणजे कोणी जमीनदार राहणार नाही आणि कोणी भूमिहीनही राहणार नाही, अशी मांडणी केली.

हा विचार रस्त्यावर आणला कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी. 1959 चा भूमिहीनांचा सत्याग्रह आणि 6 डिसेंबर 1964 ला, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणदिनी, सुरू झालेला देशव्यापी सत्याग्रह आपल्या प्रत्येक शाखेत शिकवला पाहिजे. लाखो माणसं तुरुंगात गेली, त्यात लेकरं कडेवर घेतलेल्या बाया होत्या. मागणी साधी होती: पडीक सरकारी जमीन कसणाऱ्याच्या नावे करा.

आता कोणी म्हणेल, दहा गुंठ्यांच्या भाजीसाठी एवढा कायदा कशाला? त्यांनी इंग्लंडचा इतिहास बघावा. तिथल्या सामायिक जमिनी बड्या जमीनदारांनी कुंपणं घालून गिळल्या. 1649 मध्ये सरे परगण्यात काही गरिबांनी पडीक टेकडीवर गाजरं आणि शेंगा पेरल्या, त्यांना मारहाण करून हाकललं. पण तिथला मजूर मागणी करत राहिला. 1908 च्या कायद्याने मागणी असेल तिथे भाजीच्या वाफ्यांना जमीन देणं हे स्थानिक संस्थांचं कर्तव्य ठरवलं. असा एक नेहमीचा तुकडा साधारण अडीच गुंठ्यांचा. बाबासाहेब लंडनमध्ये शिकत होते, त्याच 1916 च्या डिसेंबरात युद्धामुळे रिकाम्या जागा भाजीसाठी ताब्यात घेण्याचा अधिकार तिथल्या नगरसंस्थांना मिळाला.

त्याहून महत्त्वाचा 1922 चा कायदा. तिथेही मे महिन्यात अवचित दव गोठतं आणि बटाट्याची कोवळी पानं रात्रीत काळी पडतात. हवेवर कायदा चालत नाही, पण मालकावर चालतो. या कायद्याने ठरवलं की नोटिशीची मुदत साधारणपणे ऐन उन्हाळी हंगामात संपता कामा नये, आणि वाफा सोडावा लागला तर उभ्या पिकाची भरपाई मिळावी. अडीच गुंठ्यांच्या गाजरांना तिथे कायद्याचं संरक्षण आहे.

आपल्याकडे काहीच नाही असंही नाही. 28 नोव्हेंबर 1991 च्या शासन निर्णयाने 14 एप्रिल 1990 पर्यंतची शेतीसाठीची अतिक्रमणं नियमित करायची ठरली. तारीख जयंतीची निवडली, कागद मात्र आजही अनेकांच्या हाती नाही. 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गावच्या सामायिक जमिनींवरची अतिक्रमणं हटवायला सांगितलं, तेव्हा भूमिहीन मजूर आणि अनुसूचित जाती-जमातींना सरकारी निर्णयाने दिलेल्या जमिनींचा अपवाद त्याच निकालात नोंदवला. नोटीस काढणारे निकालाचा पहिला भाग वाचतात. आपण दुसरा वाचायला हवा.

गायरान गुरांसाठी आहे, हा आक्षेप आम्ही उडवून लावत नाही. आपल्याच वस्तीत शेळ्या राखणारी घरं आहेत. चराई किती आणि कसायला किती, हे ग्रामसभेत मोजून ठरवा. पण मोजणी सगळ्यांची करा, मोठ्यांनी बांध सरकवून दाबलेल्या गायरानाचीही.

म्हणून तरुण कार्यकर्त्यांना आमचं सांगणं आहे. यंदा जयंतीच्या वर्गणीतून थोडा पैसा आणि दोन दिवस यासाठी काढा. गाव नमुना एक-ई, म्हणजे अतिक्रमणाची नोंदवही, तिची नक्कल काढा. दंडाच्या जुन्या पावत्या पत्र्याच्या पेटीत पडून असतात, त्या जपा. कब्जाचा तोच पुरावा आहे. गारपीट झाली की त्याच दिवशी वाफ्याचे तारखेसह फोटो काढा आणि सातबारा असो वा नसो, तहसीलदारांकडे लेखी अर्ज देऊन पोच घ्या. अर्ज फेटाळला तरी फेटाळल्याचा कागद हातात येतो.

मावशीने काकडी पुन्हा टोकली आहे. आम्ही तिचा अर्ज लिहून दिला, पोच मिळाली. ती पोच तिने दंडाच्या पावत्यांबरोबर ठेवली आहे.

जयभीम!