समजून घ्या : एआय व्हिडीओवर लेबल सक्तीचं, पण भारतात एआय कायदा आहे का?

जानेवारी २०२४ मध्ये सचिन तेंडुलकरचा एक व्हिडीओ व्हायरल झाला. त्यात तो एका गेमिंग अ‍ॅपची जाहिरात करताना दिसत होता. चेहरा त्याचा, आवाजही त्याचाच वाटावा असा. पण व्हिडीओ बनावट होता. सचिनने स्वतः 'एक्स'वर पोस्ट करून तसं सांगितलं आणि पुढे मुंबई पोलिसांनी गुन्हा दाखल केला.

तेव्हा अशा व्हिडीओंसाठी देशात वेगळा नियम नव्हता. २० फेब्रुवारी २०२६ पासून तो लागू झाला. मात्र युरोपसारखा स्वतंत्र एआय कायदा भारताने केलेला नाही. मग सरकार एआयला आवर घालतंय ते कशाच्या जोरावर? आणि त्याचा तुमच्या रील्सशी काय संबंध?

वेगळा कायदा का केला नाही?

एआयच्या वाढीवर नियंत्रण आणणारा कायदा करण्याचा विचार नाही, असं केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्येच संसदेत सांगितलं होतं. फसवणूक ही फसवणूकच, मग ती एआय वापरून केलेली असो वा नसो. त्यासाठी आधीचे कायदे बऱ्याच अंशी पुरेसे आहेत, अशी ही भूमिका. शिवाय एआय उद्योग देशात वाढावा अशीही सरकारची इच्छा आहे. त्यासाठी मार्च २०२४ मध्ये १० हजार ३०० कोटी रुपयांहून अधिक खर्चाच्या 'इंडिया एआय मिशन'ला मंजुरी मिळाली.

युरोपीय संघाने वेगळी वाट धरली. तिथला एआय कायदा १ ऑगस्ट २०२४ रोजी अमलात आला. त्यात एआयच्या वापराची धोक्यानुसार वर्गवारी केली असून काही वापरांवर थेट बंदी आहे. भारताने नोव्हेंबर २०२५ मध्ये एआयसाठी मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली, पण ती बंधनकारक नाहीत.

मार्च २०२४ मध्ये माघार का घ्यावी लागली?

१ मार्च २०२४ रोजी माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने कंपन्यांना एक सूचनापत्र पाठवलं. पुरेशी चाचणी न झालेली एआय मॉडेल्स लोकांना वापरायला देण्याआधी सरकारची परवानगी घ्या, असं त्यात म्हटलं होतं. स्टार्टअप क्षेत्रातून टीका झाली. दोनच आठवड्यांत सुधारित सूचनापत्र आलं आणि परवानगीची अट गेली.

मग सरकारच्या हातात काय आहे?

माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मधलं कलम ७९. गावच्या चावडीवरच्या फळ्यावर कुणी खोटं लिहिलं, तर दोष लिहिणाऱ्याचा. फळा लावणाऱ्याचा नाही. फेसबुक, इन्स्टाग्राम, यूट्यूब यांना हे कलम असंच संरक्षण देतं. पण त्याला अट आहे: सरकारचे नियम पाळले पाहिजेत. नियम मोडले तर संरक्षण जाऊ शकतं आणि लोकांच्या पोस्टसाठी कंपनीही अडचणीत येऊ शकते.

म्हणूनच नवे नियम मुख्यतः एआय मॉडेल कसं बनवावं हे सांगत नाहीत. त्यातून तयार झालेला मजकूर कसा दाखवावा आणि कधी काढावा, हे सांगतात.

नवे नियम काय सांगतात?

- लेबल : खरा वाटेल असा एआय फोटो, व्हिडीओ किंवा ऑडिओ असेल, तर तसं ठळकपणे सांगावं लागेल. लेबल काढून टाकण्याची सोय कंपनीने देऊ नये. लेबलने चित्राचा किमान १० टक्के भाग व्यापावा, ही मसुद्यातली अट अंतिम नियमांत नाही.
- जाहीर करणं : ५० लाखांहून अधिक नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या प्लॅटफॉर्मने 'हे एआयने बनवलंय का?' असं तुम्हाला विचारायचं आणि तुमचं उत्तर तपासायचं.
- ३ तास : न्यायालयाचा किंवा अधिकृत सरकारी आदेश आल्यावर मजकूर ३ तासांत हटवायचा. आधी ३६ तास मिळत. नग्न किंवा मॉर्फ केलेल्या चित्रांच्या तक्रारींसाठी मुदत २ तास.
- सूट : दिशाभूल होत नसेल तर रंग सुधारणं, आवाज स्वच्छ करणं, सबटायटल्स देणं अशा नेहमीच्या एडिटिंगला लेबल लागत नाही.

आक्षेप काय आहेत?

३ तासांत नीट पडताळणी होणं कठीण. त्यामुळे कंपन्या 'आधी काढा, मग बघू' असं करतील आणि व्यंग, विडंबन, सरकारवरची टीकाही त्यात जाईल, अशी भीती आहे. ती निराधार नाही. सरकारविषयीची माहिती खोटी ठरवण्याचा अधिकार सरकारच्याच फॅक्ट चेक युनिटला देणारा नियम मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये घटनाबाह्य ठरवला होता.

दुसरं म्हणजे, भामटा स्वतःहून लेबल लावणार नाही. तिसरं, लेबलच्या पलीकडेही एआय आहे. कर्ज किंवा नोकरीचा अर्ज एआयने नाकारला, तर त्याची कारणं मागायला खास एआयसाठीचा कायदा नाही.

तुमचाच बनावट व्हिडीओ फिरू लागला तर?

आशा भोसले, अरिजित सिंग यांना आवाजाच्या नकलेविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयाकडून दिलासा मिळाला. प्रत्येकाला कोर्टात जाणं परवडत नाही. सर्वसामान्यांसाठी हे मार्ग आहेत :

१. पोस्टची लिंक, स्क्रीनशॉट, तारीख आणि वेळ जपून ठेवा.
२. प्लॅटफॉर्मवर रिपोर्ट करा आणि त्याच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या. नग्न किंवा मॉर्फ केलेलं चित्र असेल तर तसं स्पष्ट लिहा. २ तासांची मुदत त्याला लागू होते.
३. तिथल्या निर्णयाने समाधान झालं नाही, तर ३० दिवसांत केंद्राच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन दाद मागता येते.
४. राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर किंवा पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवा. पैसे गेले असतील तर आधी १९३० वर फोन करा.

आणि दुसऱ्या कुणाचा असा व्हिडीओ तुमच्या ग्रुपवर आला, तर 'हा खोटा आहे' असं सांगण्यासाठीसुद्धा तो पुढे पाठवू नका. रिपोर्ट करा आणि ज्याचा तो व्हिडीओ आहे, त्याला कळवा. त्याने किंवा त्याच्या वतीने कुणी तक्रार केल्याशिवाय ते २ तास सुरूच होत नाहीत.