तळटीप १४ : कोचावरचे ध्वनिमुद्रण
१४. 'समथिंग इन द वे' हे निर्वाना या अमेरिकी रॉकबँडच्या 'नेव्हरमाइंड' (१९९१) अल्बममधील गाणे. गीतकार-गायक कर्ट कोबेन (१९६७–१९९४). गाण्यातला 'पूल' म्हणजे ॲबर्डीन (वॉशिंग्टन राज्य) या त्याच्या गावातला, विश्का नदीवरचा. त्याखाली आपण राहिल्याचे कोबेन सांगे. बँडमधला त्याचा मित्र क्रिस्ट नोव्होसेलिक याने ते नाकारले आहे, आणि तेच अधिक पटते. साऱ्या बँडसह गाणे जमेना, तेव्हा निर्माता बुच विग याने कंट्रोल रूममध्येच माइक लावले, फोनसुद्धा बंद केला. कोबेन कोचावरूनच, जवळजवळ पुटपुटत गायला. गिटार धड सुरात नव्हती. बास, ड्रम आणि कर्क कॅनिंगचा चेलो मागाहून भरले; बेसूर गिटारशी जुळवून घेणे त्यांच्याच वाट्याला आले.