स्थळाकडून रंगाकडे

तळेगावहून इंदुरीकडे येताना श्रावणात इंद्रायणीचे गढूळ पाणी, भातखाचरांची हिरवाई आणि पलीकडे ढगांत अर्धा बुडालेला भंडारा डोंगर दिसतो. हे निसर्गचित्र करायचे तर चित्रकाराने काय रंगवावे? स्थळ, की त्या स्थळाने जागवलेला रंग?

महाराष्ट्रातील चित्रकलेने या प्रश्नाची दोन्ही उत्तरे देऊन पाहिली आहेत. १८५७ साली सुरू झालेल्या जे. जे. स्कूलमधून जी परंपरा घडली, तिच्यात सावळाराम हळदणकरांसारख्यांच्या पारदर्शक जलरंगांत रंग हा स्थळाचा साक्षीदार असतो. ऊन कोणत्या प्रहराचे, हेही त्यातून कळावे, अशी अपेक्षा असते.

सय्यद हैदर रझा याच संस्थेत १९४३ ते १९४७ या काळात शिकले. त्यांच्या सुरुवातीच्या मुंबईच्या जलरंगांत रस्ते, इमारती ओळखू येतात. पण फटकारे सैल होऊ लागलेले असतात. १९४८ मध्ये काश्मिरात छायाचित्रकार कार्तिए-ब्रेसाँ यांनी त्यांना चित्राच्या रचनेकडे लक्ष देण्याचा आणि सेझान अभ्यासण्याचा सल्ला दिला. १९५० मध्ये रझा फ्रान्सला गेले. तिथल्या खेड्यांतील घरे त्यांच्या चित्रांत आधी ठोकळे झाली आणि पुढे रंगांत विरघळली. १९७०च्या दशकातील ‘ला तेर’ या चित्रांत झाड नाही, घर नाही; काळ्या-तांबड्या-पिवळ्यातून धगधगणारी भूमी मात्र आहे. बालपणीचे मध्य प्रदेशातील अरण्य असे परतले.

वासुदेव गायतोंडे यांची वाट वेगळी. नागपूरला १९२४ साली जन्मलेले आणि जे. जे.मध्येच शिकलेले गायतोंडे आपल्या कामाला ‘अमूर्त’ म्हणण्यास राजी नव्हते. ‘वस्तुनिरपेक्ष’ हा अर्थ त्यांना मान्य होता. तरी त्यांच्या चित्रांत आपण क्षितिज, धुके, पाणी शोधतोच. ही सवय आपली, चित्राची नव्हे.

म्हणून या दोघांना ‘अमूर्त’ या एकाच खणात टाकणे म्हणजे इतिहास पुसणे होय. रझांच्या चित्रातून भूमी निघून जाते आणि रंग होऊन परतते. गायतोंडे तिला मुळात बोलावतच नाहीत.

आज मावळात खाचरांच्या जागी वसाहती उभ्या राहत आहेत. हळदणकरांच्या पद्धतीचे चित्र इथे काय होते, ते सांगेल. ते गेल्यावर मनात काय उरले, हे सांगायला मात्र रंगालाच स्थळापासून मोकळे व्हावे लागेल.