रुळांची रुंदी आणि जयपूर

लोहमार्गांच्या पुनर्रचनेचा विषय निघाला की बोलणे बहुधा विभागांच्या सीमांवर येऊन थांबते. मुख्यालय कोठे, कोणत्या जिल्ह्याचा कारभार कोणाकडे, हे प्रश्न आम्हां सरकारी नोकरांच्या जिव्हाळ्याचे असल्यामुळे तसे होणे स्वाभाविकच आहे. परंतु जयपूरच्या लोहमार्गाचा इतिहास पाहिला म्हणजे आम्हांस वाटू लागते, की या भागाचे नशीब नकाशावरील रेघांपेक्षा दोन रुळांमधील अंतराने अधिक ठरविले.

१८५३ साली मुंबईहून ठाण्यास पहिली आगगाडी धावली, तो मार्ग साडेपाच फूट रुंदीचा होता. लॉर्ड मेयोच्या अमदानीत, १८७० च्या सुमारास, खर्चाची ओढाताण सुरू झाली आणि विरळ वस्तीच्या मुलखात एवढा रुंद मार्ग परवडणार नाही असा निर्णय झाला. रुंदी एक मीटर ठरली. कारण मेट्रिक मापे देशात लवकरच रूढ होतील अशी तेव्हा अपेक्षा होती. मापे काही आली नाहीत, ती यावयास स्वातंत्र्य उजाडावे लागले. मीटरचा मार्ग मात्र आला. १८७३ मध्ये दिल्ली–रेवाडी, १८७५ पर्यंत आग्र्याहून बांदीकुईमार्गे जयपूर व अजमेर, आणि १८८१ च्या सुमारास थेट अहमदाबादेपर्यंत.

या काटकसरीस नावे ठेवणे सोपे आहे. स्वस्त मार्ग नसता तर हा रेताड मुलूख आणखी किती वर्षे उंटावरच अवलंबून राहिला असता, कोण जाणे! परंतु जे बांधताना वाचले ते चालविताना रोज मोजावे लागले. रुंद मार्गावरून आलेले धान्य दिल्लीस वा आग्र्यास एका वाघिणीतून उतरवावयाचे आणि दुसरीत भरावयाचे. १८९९-१९०० चा दुष्काळ, ज्यास येथील लोक अजून 'छप्पनिया' म्हणतात, त्या काळात एकेक गोणी अशी दोनदा हमालाच्या पाठीवर चढणे म्हणजे काय, याची कल्पना वाचकांनीच करावी. पुढे जयपूर दरबारने सवाई माधोपूरपर्यंत स्वतःचा मार्ग बांधला, तोही मीटरचाच. मुंबईकडे जाणाऱ्या प्रवाशाने तेथे वळकटी-ट्रंकेसह 'छोटी लाइन' सोडून 'बडी लाइन' धरावयाची, हा क्रम कित्येक पिढ्या चालला.

५ नोव्हेंबर १९५१ रोजी बी. बी. अँड सी. आय., सौराष्ट्र, राजस्थान व जयपूर या रेल्वे मिळून पश्चिम रेल्वे झाली. त्याच दिवशी आपली जी. आय. पी. निजाम, शिंदे व धोलपूर यांच्या रेल्वेंसह मध्य रेल्वेत विलीन झाली. संस्थानी व कंपनीच्या मिळून बेचाळीस व्यवस्था देशात होत्या. त्या एकत्र आणणे अगत्याचे होते यात शंका नाही. जयपूरचा कारभार मुंबईस चर्चगेटकडे गेला. मात्र सवाई माधोपुरात आता दोन्ही मार्गांचा मालक एक झाला, तरी हमालाच्या पाठीवरचे ओझे उतरले नाही. १ ऑक्टोबर २००२ रोजी जयपूर व अजमेर हे मंडळ पश्चिम रेल्वेतून, जोधपूर व बिकानेर उत्तर रेल्वेतून काढून उत्तर-पश्चिम रेल्वे स्थापन झाली आणि मुख्यालय जयपुरास आले. फाईलचा प्रवास आखूड झाला, एवढे खरे.

खरी पुनर्रचना झाली ती १९९२ मध्ये देशभर एकच रुंदी करण्याचे ठरले तेव्हा. त्या दशकात जयपूर मुंबईशी आणि दिल्लीशी रुंद मार्गाने जोडले गेले. शाखामार्गांची पाळी फार उशिरा आली. काम चालू असता शेखावाटीत गाड्याच बंद राहिल्या आणि लोकांनी बस धरली. एकदा बसला सरावलेला प्रवासी परत आणणे कठीण असते, हा हिशेब आराखड्यात कोणी मांडल्याचे दिसत नाही.

रुंदीचा लाभ अनपेक्षित जागी मिळाला. रुंद मार्गावर सपाट वाघिणीवर एकावर एक असे दोन कंटेनर स्थिर राहतात. २००६ मध्ये जयपूरजवळच्या कनकपुऱ्याहून पिपावाव बंदराकडे अशी गाडी निघाली, तीही डिझेलवर. कारण वर विजेची तार नव्हती. तार घालावयाची तर दुमजली गाडी तिच्याखालून जाईना. मग तारच साडेसात मीटरच्या आसपास उंच नेण्यात आली. मालगाड्यांसाठी स्वतंत्र बांधलेल्या रेवाडी–मदार मार्गावर ७ जानेवारी २०२१ रोजी विजेवर चालणारी दीड किलोमीटर लांबीची दुमजली गाडी धावली. आणि एप्रिल २०२३ मध्ये अजमेर–दिल्ली वंदे भारतही अशाच उंच तारेखालून धावू लागली.

मालमोटारीपेक्षा आगगाडीस तेवढाच माल नेण्यास पुष्कळ कमी इंधन लागते, म्हणून हे सारे इष्टच. पण देशातील बहुतांश वीज अद्याप कोळशावर तयार होते, आणि तो कोळसाही मुख्यतः आगगाडीनेच वीजकेंद्रांवर पोहोचतो. कोळशाचे ते भाडे आज रेल्वेच्या मालवाहतुकीचा सर्वांत मोठा आधार आहे. कोळसा कमी झाल्यावर त्याच्या जागी कोणता माल वाहावयाचा, हे जयपूर–अजमेरच्या पट्ट्यात, जेथे महामार्गावर मालमोटारींची रांग लागलेली असते, आताच ठरू लागले आहे.