आडव्या कापाची करवत

आडव्या कापाची करवत ही लाकडाच्या तंतूंना आडवा छेद देऊन फळी कापण्यासाठी सुतारकामात वापरली जाणारी हातकरवत आहे. तंतूंच्या दिशेने फळी उभी चिरण्याची करवत हिच्यासारखीच दिसते. मात्र दोहोंच्या दात्यांची घडण भिन्न असते. त्यामुळे करवत निवडताना पात्याच्या लांबीपूर्वी दाते पाहावे लागतात.

दात्यांची घडण

उभ्या कापाच्या करवतीचे दाते सरळ घासलेले असून ते छोट्या पटाशीप्रमाणे लाकूड खरवडून काढतात. अशी करवत आडवी चालविल्यास तंतू तुटण्याऐवजी ओढले जातात आणि फळीच्या खालच्या कडेचे ढलपे निघतात. सागवानाच्या तयार फळीचे असे नुकसान भरून काढणे कठीण असते. आडव्या कापाच्या करवतीचे दाते तिरपे घासलेले असतात. प्रत्येक दाता सुरीच्या टोकासारखा असून एकाआड एक दाते डावीउजवीकडे किंचित वाकविलेले असतात. ते छेदाच्या दोन्ही कडांचे तंतू आधी कापतात व मधला भाग भुशाच्या रूपाने बाहेर पडतो. दाते वाकविल्याने खाच पात्यापेक्षा रुंद होते व पाते अडकत नाही. ओल्या लाकडासाठी दाते अधिक वाकविलेले लागतात.

निवड

दात्यांची संख्या एका इंचात येणाऱ्या टोकांवरून सांगतात. सर्वसाधारण फळीकामासाठी ८ ते १० टोके योग्य ठरतात. १२ टोकांची करवत स्वच्छ कापते; परंतु जाड फळीत तिच्या दात्यांमध्ये भुसा साचून काम मंदावते. पाते ६५ सेंटिमीटरच्या आसपास असल्यास हात पूर्ण लांबीने चालतो. ५० ते ५५ सेंटिमीटरची करवत पेटीत मावते, पण रुंद फळीसाठी अपुरी पडते. ढकलून चालविण्याच्या करवतीने आडवा छेद घेताना ती फळीशी सुमारे ४५ अंशांचा कोन करून धरतात.

जपानी करवती ओढताना कापतात. ओढीमुळे पाते ताणले जात असल्याने ते पातळ ठेवता येते व खाच अरुंद पडते. ‘र्‍योबा’ या प्रकारात पात्याच्या एका कडेला उभ्या व दुसऱ्या कडेला आडव्या कापाचे दाते असतात.

बाजारातील अनेक स्वस्त करवतींच्या दात्यांची टोके विद्युत् प्रक्रियेने क्षणभर तापवून कठीण केलेली असतात. ती काळसर दिसतात. त्यांची धार दीर्घकाळ टिकते. मात्र ती कानशीने घासता येत नाहीत, म्हणून बोथट झालेली करवत टाकून द्यावी लागते. प्लायवूड व चिकट रसायनयुक्त फलकांसाठी ही करवत सोयीची असली, तरी नित्याच्या सुतारकामात तिकोनी कानशीने धार लावता येणारी करवत अधिक किफायतशीर होय.

जुन्या करवतीची पारख

अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे हेन्री डिस्टन यांनी १८४० मध्ये सुरू केलेल्या कारखान्याच्या जुन्या करवतींना आजही मागणी आहे. चांगल्या जुन्या करवतींचे पाते पाठीकडे पातळ होत गेलेले असते. वरवरचा गंज घासून काढता येतो आणि सैल मूठ आवळता येते. खोल खड्डे पाडणारा गंज दात्यांच्या कडेपर्यंत पोचला असल्यास धार टिकत नाही. पात्याला मुरड पडली आहे का, हे दात्यांच्या ओळीवरून नजर टाकल्यास कळते. मुरडलेले पाते सरळ करणे कसबी कारागिराचे काम आहे.